एकच कोडं दोनदा

गेल्या वर्षी एका दुपारी पार्सल आलं. खोक्यात खोका, त्यात फुगेवाला प्लास्टिकचा कागद, त्यात पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेली मुठीएवढी लाकडी पेटी. दोन रंगांचं लाकूड, घासून गुळगुळीत केलेल्या कडा, आणि झाकण कुठलं, बूड कुठलं याचा पत्ता लागू नये अशी सहाही बाजूंनी सारखी. हातात घेऊन हलवली तर आत काहीतरी किंचित सरकलं. हा आवाज ऐकला की मला लहान मुलासारखं होतं. तिला जागा करायला म्हणून कपाट उघडलं, तर तिसऱ्या फळीवर, मागच्या रांगेत, तीच पेटी. तशाच पांढऱ्या कागदात. कागदावरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

आधी वाटलं, विकणाऱ्याने चुकून दोनदा पाठवली असणार. मग जुन्या ईमेल चाळल्या. अकरा महिन्यांपूर्वी मीच घेतली होती ती, लिलावात, रात्री गजर लावून उठून, शेवटच्या मिनिटाला बोली वाढवून. मिळाली तेव्हा अंधारात एकटीच हसले होते, तेही आठवलं. पेटी मात्र आठवली नाही.

त्या दुपारी कपाटासमोर जमिनीवर बसून मी सगळी कोडी पहिल्यांदा मोजली. २१४ निघाली. त्यातली सोडवलेली ८१. आलेल्या वेष्टनातून बाहेरच न काढलेली ६३. उरलेली ७० मधल्या अवस्थेतली, म्हणजे थोडी हाताळून ठेवून दिलेली, अर्ध्यावर टाकलेली, आणि (हे लिहायला जड जातंय) उत्तराचा कागद बघून एकदाची संपवलेली.

कोडी म्हणजे शब्दकोडी नव्हेत. हाताने सोडवायची. एकमेकांत अडकवलेले धातूचे तुकडे, सरकत्या फळ्यांच्या पेट्या, लाकडी गाठी, दोरीत अडकलेली कडी, चौकटीत मावता मावत नाहीत असे ठोकळे. शब्दकोड्यांचा नाद लागला तर निदान घरात जागा लागत नाही.

सुरुवात अगदी साधी होती. कुणीतरी भेट म्हणून सहा काड्यांची लाकडी गाठ दिली. इंग्रजीत तिला ‘बर’ म्हणतात, कपड्याला चिकटणाऱ्या काटेरी बोंडावरून. सहा चौकोनी काड्या, प्रत्येकीच्या मध्यावर खाचा, आणि दोन-दोनच्या जोड्या तीन दिशांनी एकमेकींना भेदून गेलेल्या. एका काडीला खाच नसते, ती किल्ली. ती ओढली की बाकीच्या पाच क्षणभर जागच्या जागी थांबतात, मग एकदम मांडीवर सांडतात. गाठ सुटायला मला मिनिटही लागलं नाही. पुन्हा बांधायला सोळा दिवस लागले.

ते सोळा दिवस मला अजून तपशिलाने आठवतात. डाव्या हाताच्या चिमटीत तीन काड्या धरल्या की चौथी बसवायला बोटच उरत नसे. अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये काडी कशी तोलायची हे हाताला आधी कळलं, मला नंतर. एका काडीला फारच खोल खाच होती, तिच्या पोटातून दोन काड्या आरपार जाऊ शकतील एवढी. मी तिला सतत वरच्या बाजूला बसवत होते. का, तर सगळ्यात वेगळी दिसते म्हणून मानाची जागा. बाराव्या दिवशी कंटाळून तिला खाली घातलं आणि दोन काड्या आपापल्या जागी अशा बसल्या की जणू इतके दिवस माझीच वाट बघत होत्या. शेवटची किल्ली आत जाताना लाकडावर लाकूड घासल्याचा जो कोरडा आवाज झाला, तो ऐकायला मी गाठ पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली. त्या संध्याकाळी वीसेक वेळा तरी.

खूप नंतर वाचलं की बिल कटलर नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने अशा सहा काड्यांच्या गाठींची संगणकावर संपूर्ण छाननी केली होती. हिशेब १९९० मध्ये पुरा झाला. खाचा निरनिराळ्या ठिकाणी घेऊन किती जुळण्या होऊ शकतात? ३५ अब्ज ६५ कोटी ७१ लाख ३१ हजार २३५. वाचून मी थक्क झाले, आणि लगेच मनात आलं, म्हणजे अजून कितीतरी गाठी घ्यायच्या राहिल्यात. खरं तर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

कोडी जमवण्यात एक विचित्र अडचण आहे. तिकिटं, नाणी, जुनी घड्याळं जमवणाऱ्याला ती पडत नाही. तिकीट कितीदाही बघा, ते तिकीटच राहतं. कोडं एकदा सुटलं की त्यातलं कोडं जातं आणि मागे सुबक कोरलेलं लाकूड उरतं. ते कपाटात छान दिसतं, दुसऱ्या कुणाला देता येतं, पण आपल्यापुरतं ते संपलेलं असतं. म्हणून भूक शिल्लक ठेवायची तर नवं लागतं. आणि त्याहून धोक्याचा दुसरा रस्ता म्हणजे सोडवायचंच नाही. न सोडवलेलं कोडं कधी संपत नाही.

याला अपवाद मला एकच सापडला, नऊ कड्यांचं चिनी कोडं. एका लांब दांड्यात नऊ कडी अडकलेली, ती सगळी काढायची. कुठलंही कडं हलवायचं तर त्याच्या लगेच आधीचं दांड्यावर असायला हवं आणि त्याच्याही आधीची सगळी उतरलेली. त्यामुळे एक कडं काढायला आधी काढलेली पुन्हा चढवावी लागतात. नऊच्या नऊ काढायला कमीत कमी ३४१ चाली. इटालियन गणितज्ञ कार्दानोने १५५० सालच्या ग्रंथात या कोड्याचं वर्णन केलंय, म्हणजे युरोपातही ते पुष्कळ जुनं. युक्ती एकदा समजली की त्यात कोडं काही उरत नाही, तरी हात चालत राहतात, जपमाळ ओढावी तसे. डोकं दुसरीकडे फिरून येतं. मधेच भान सुटलं तर आपण पुढे चाललोय की मागे, हेच कळेनासं होतं, आणि मग पहिल्यापासून. माझ्याकडच्या २१४ मध्ये हे एकच असं आहे की जे कधी फळीवर गेलं नाही. ते टेबलावरच असतं, पेनांच्या शेजारी.

बाकीची फळीवर गेली, आणि फळ्या वाढल्या. ते कधी बदललं? एक दिवस सांगता येत नाही. आधी मी कोडं सुटल्यावर पुढचं मागवायचे. मग सुटत आलं की मागवायचे, म्हणजे मधे खंड नको. मग दोन-तीन एकदम, पाठवणीचा खर्च वाचतो म्हणून. (पाठवणीचा खर्च वाचवण्याइतका महागडा उद्योग दुसरा नाही.) मग कोडी बनवणारे कारागीर थोड्याच प्रती काढतात, त्या काही मिनिटांत संपतात, हे कळलं. त्यानंतर कोडं कसं आहे हा प्रश्नच मागे पडला. मिळेल की नाही, एवढंच उरलं. जे मिळणं कठीण ते चांगलंच असणार, असं मी धरून चालले. लाकडाचा आणि दुर्मीळपणाचा काहीएक संबंध नसतो, हे ठाऊक असूनही.

वर्गवारीने आणखी तेल ओतलं. यांत्रिक कोड्यांचे संग्राहक त्यांचे प्रकार पाडतात: जोडायची, उघडायची, एकमेकांत गुंतलेली, सोडवून वेगळी करायची, चालींच्या क्रमाची, हस्तकौशल्याची, असे. हे सगळं मी एक्सेलच्या तक्त्यात घातलं. नाव, बनवणारा, लाकूड, आल्याची तारीख, सुटल्याची तारीख. तक्ता दिसायला फार अभ्यासू होता. पण तक्ता म्हटला की रिकाम्या चौकटी आल्या, आणि रिकामी चौकट दिसली की ती भरावीशी वाटते. जपानी कास्ट धातूच्या कोड्यांच्या डब्यांवर १ ते ६ अशा अवघडपणाच्या पायऱ्या छापलेल्या असतात. माझ्याकडे चौथ्या पायरीची कमी होती. मला चौथ्या पायरीची कोडी सोडवायची होती का? मला चौथा रकाना भरायचा होता. सुटल्याच्या तारखेचा रकाना मात्र वर्ष-दीड वर्षात असा रिकामा होत गेला की शेवटी मी तो लपवून ठेवला. एक्सेलमध्ये रकाना लपवायची सोय आहे, हे किती वाईट.

लपवाछपवी तक्त्यापुरती राहिली नाही. नवरा फळीकडे बघून म्हणायचा, “हे नवीन दिसतंय.” मी म्हणायचे, “नाही रे, जुनंच आहे. पुढे घेतलं फक्त.” त्याने कधी हुज्जत घातली नाही. पैशाची ओढाताण होती असंही नाही, माझ्याच कमाईतले होते, आणि कुणी हिशेब मागितला नव्हता. तरीही मी खोटं बोलत होते. ज्या गोष्टीबद्दल कुणी रागावणार नाही तिच्याबद्दलही माणूस खोटं बोलतो, तेव्हा तो नक्की कुणापासून लपवत असतो?

मराठीत या घसरणीला पायऱ्या आहेत. छंद, नाद, खूळ, वेड, व्यसन. छंद जोपासतात, नाद लागतो, खूळ डोक्यात शिरतं, व्यसन जडतं. क्रियापदंच बघा ना. छंदात करणारी मी असते. पुढच्या सगळ्यांत मला काहीतरी होतं. आणि ‘व्यसन’ हा शब्द तर जुना, फार गंमतीचा. संस्कृतात त्याचा एक अर्थ संकट असाही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवर आहे, आणि तिथे आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांच्याबरोबर राजाचं द्यूत, मद्य आणि शिकारीचा नादही येतो. बाहेरून येणारं आणि आतून येणारं, दोन्ही एकाच शब्दाखाली. बहुतेक मराठी घरांत व्यसन म्हणजे बाटली किंवा तंबाखू. लाकडी पेट्यांना व्यसन म्हटलं तर लोक हसतील, आणि दारूने उद्ध्वस्त झालेलं घर ज्यांनी पाहिलंय त्यांनी रागावावं, तेही बरोबरच. म्हणून हा शब्द स्वतःला लावताना मी फार वेळ अडखळले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात व्यसनी वर्तनाखाली जुगार आहे, संगणकीय खेळ आहेत. कोडी जमवणं अर्थातच नाही. पण तिथे जी लक्षणं दिलीत ती मी एका रात्री स्वतःला लावून पाहिली. ताबा सुटणं. ती गोष्ट इतर आवडींच्या, रोजच्या कामांच्या पुढे जाणं. नुकसान दिसत असूनही चालू राहणं. पहिल्याला हो. दुसऱ्याला, लिलाव असेल त्या रात्री हो. तिसऱ्याला नुकसान कुठलं, असं म्हणणार होते, तेवढ्यात आठवलं की त्या वर्षात मी एकही कोडं चार दिवसांहून जास्त हातात धरलं नव्हतं. कुठल्याही डॉक्टरच्या व्याख्येत बसणार नाही असं नुकसान आहे ते. मला आजारी ठरवून घ्यायचं नाही. पण पूर्वी मला एक गोष्ट येत होती आणि आता येत नव्हती, हे खरं.

आणि ती का येईनाशी झाली, याची थोडी कल्पना मला माकडांवरच्या एका प्रयोगामुळे आली. वोल्फ्राम शुल्ट्स या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची हालचाल मोजली. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्या पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी दिव्याची खूण द्यायला सुरुवात केली. माकड ते शिकल्यावर पेशी दिवा लागताच उसळायला लागल्या आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा गप्प राहिल्या. मी वाचता वाचता थांबले. ‘तुमचं पार्सल आज पोचेल’ हा मोबाइलवरचा संदेश म्हणजे माझा दिवा होता. तो आला की सकाळ उजळायची. दाराची बेल वाजली की काळजाचा ठोका चुकायचा. खोका उघडताना हात घाई करायचे. आणि पेटी हातात आली की दहा मिनिटांत सगळं निवून जायचं. ती पेटी मग रस होती. रसाला कोण विचारतो?

माझ्या बाजूने मी एक वकिली नेहमी तयार ठेवली होती. मोठे संग्राहक बघा की. जेरी स्लोकम यांच्याकडे चाळीस हजारांहून अधिक यांत्रिक कोडी होती. माझी २१४ त्यात कुठे लागतात! पण ही वकिली जरा खरवडली की उलटते. स्लोकमनी कोड्यांचा इतिहास खणून पुस्तकं लिहिली, आणि २००६ पासून तीस हजारांवर कोडी इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयाला देऊन टाकली. १९७८ मध्ये त्यांनी आपल्या दिवाणखान्यात मोजक्या कोडीवेड्यांना बोलावलं, त्यातून पुढे आंतरराष्ट्रीय मेळावा उभा राहिला. तिथे माणसं आपण तयार केलेलं किंवा करवून घेतलेलं कोडं आणून एकमेकांशी बदलतात. माझ्या कोड्यांना माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. त्यातल्या ६३ना तर माझाही नाही. आकडा त्यांचा मोठा, पण दार उघडं. माझं कपाट उघडायचं तर आधी खुर्ची सरकवावी लागे.

दुसरं उदाहरण मला जास्त लागलं. एर्नो रुबिकने १९७४ मध्ये बुडापेस्टमध्ये आपला ठोकळा तयार केला, थोडा फिरवला, रंग विस्कटले, आणि मग त्याला तो पूर्ववत करताच येईना. जगात तो सोडवणारं कुणीच नव्हतं, त्यामुळे विचारणार कुणाला? हा ठोकळा मुळात सुटतो तरी का, हेही त्याला ठाऊक नव्हतं. महिन्याहून जास्त वेळ लागला. आज आपल्याला माहीत आहे की त्याच्या रचना ४३ वर अठरा शून्यं द्यावीत त्याहून थोड्या जास्त आहेत, आणि कुठलीही रचना वीस किंवा त्याहून कमी चालींत सुटते, हे २०१० मध्ये सिद्ध झालं. पण तो महिना माझ्या डोक्यातून जात नाही. एक माणूस, एक कोडं आणि उत्तराचा कागद अस्तित्वातच नाही. माझ्याकडे उत्तराचे कागद एका फाइलीत नीट लावलेले होते, वर्णानुक्रमे.

वेड समूहालाही लागतं, त्यामुळे एकटेपणाची लाज जरा कमी होते. १८८० साली अमेरिकेत आणि मग युरोपात पंधरा आकड्यांच्या सरकत्या चौकटीने असाच धुमाकूळ घातला होता. चार गुणिले चारच्या चौकटीत पंधरा ठोकळे, एक जागा रिकामी, सरकवत सरकवत आकडे क्रमाने लावायचे. ती कल्पना नॉइस चॅपमन नावाच्या पोस्टमास्तरची. पुढे सॅम लॉइड या कोडेबाजाने ती आपलीच म्हणून सांगितली आणि फक्त १४ आणि १५ उलटे असलेली मांडणी सोडवून दाखवणाऱ्याला हजार डॉलर जाहीर केले. त्याचे पैसे अगदी सुरक्षित होते. कारण रिकामी जागा आपल्या मूळ कोपऱ्यात परत यायला नेहमी सम संख्येच्या चाली लागतात, आणि दोन आकड्यांची एकच अदलाबदल ही विषम. हे दोन कधी जुळत नाहीत. १८७९ मध्येच एका गणिताच्या नियतकालिकात याची सिद्धता छापून आली होती. तरी लोक सरकवत बसले. तेरापर्यंत सगळं जागच्या जागी, फक्त शेवटचे दोन उलटे. अशा वेळी उठवत नाही माणसाला. माझा तक्ताही नेहमी तसाच असायचा. अजून दोन आली की पूर्ण.

दोन पेट्यांच्या त्या दुपारनंतर मी एकदम शहाणी झाले, असं काही घडलं नाही. आधी नियम केला, एक आलं की एक जाईल. पंधरा दिवसांत मी देवाणघेवाण करणाऱ्यांच्या गोतावळ्यात शिरले आणि येणंजाणं दोन्ही दुप्पट झालं. मग पूर्ण बंदी. लिलावाच्या सूचना बंद, दुकानांच्या ईमेल बंद. एकोणचाळीस दिवस टिकली. चाळिसाव्या रात्री एका जुन्या कारागिराचं काम विक्रीला आलंय असं कळलं, आणि मी ते घेतलं. या वेळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “बरं.” जरा थांबून म्हणाला, “आणि जुनंच आहे म्हणतेस ना, ते नको म्हणत जाऊस. रिकामी खोकी मीच तर बाहेर नेऊन टाकतो.”

इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं. मी ओशाळले, आणि मला हसूही आलं. खोकी दारामागे ठेवली की आपोआप नाहीशी होतात, अशी बहुतेक माझी समजूत होती.

त्यानंतर मी न उघडलेली ६३ एकेक करून जमिनीवर मांडली. ती विकून टाकावीत हे डोक्याला पटत होतं, पण हात पुढे होत नव्हता, आणि का होत नाही हे कळायला बराच वेळ लागला. प्रत्येक पेटी घेताना मी एक चित्र बघितलं होतं. मोकळी दुपार, फोन दुसऱ्या खोलीत, खिडकीशी खुर्ची आणि हातात ही पेटी. बाई निवांत आहे, तिला कुठे जायचं नाही, ती सोळा दिवस एका काडीचा विचार करू शकते. मी ती दुपार विकत घेत होते. ६३ पेट्या, ६३ दुपारी. पेट्या सगळ्या पोचल्या. आता त्या विकायच्या म्हणजे ती बाई आपण होणार नाही, अशी सही करून देण्यासारखं वाटत होतं.

पंचेचाळीस विकली, थोडीथोडी करत, तीन महिन्यांत. काही तोट्यात. एक-दोन वेळा रडू आलं, ज्याचं मला आजही नीट स्पष्टीकरण देता येत नाही. अठरा ठेवली. अठरा दुपारी मिळतील असं वाटतं, फार मोठी मागणी नाही ती.

आणि ती जुळी पेटी? सुट्टीत बारा वर्षांची भाची आली होती. तिने फळीवरून दोन्ही उतरवल्या. “मावशी, दोन सारख्या का?” मी म्हटलं, चुकून. ती म्हणाली, “मग एक माझी.” तिथल्या तिथे आमचा करार झाला. दोघींनी उत्तर बघायचं नाही, इंटरनेटवर शोधायचं नाही, आणि जिला आधी सुटेल तिने दुसरीला काही सांगायचं नाही. ठोकायची नाही, पाचर घालायची नाही. लाकडी कोड्यांचा हा पहिला धडा: जोर लावावासा वाटला तर आपण चुकतोय.

पहिले आठ-दहा दिवस भयंकर गेले. पेटी हातात घेतली की चौथ्या मिनिटाला माझा दुसरा हात फोनकडे जायचा. सोळा दिवस एका गाठीपाशी बसलेली ती मीच का, असा प्रश्न पडायचा. एका बाजूची पट्टी केसभर सरकते हे सापडलं आणि पुढे आठवडाभर काही नाही. मग हवा दमट झाली, लाकूड फुगलं आणि ती पट्टीही सरकेना. दोन दिवस मी त्याला कोड्याचाच भाग समजून डोकं फोडत होते. पेटी उलटी केली, तिरकी धरली, टेबलावर भोवऱ्यासारखी फिरवली. फिरवल्यावर आतल्या खुंट्या बाहेरच्या अंगाला ढकलल्या जातात, पुष्कळ पेट्यांत ती युक्ती असते. हिच्यात नाही. की आहे, पण फिरवण्याआधी दुसरं काही करायला हवं? रात्री दिवा मालवल्यावर हा प्रश्न घेऊन झोपायची सवय परत आली, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मग एका संध्याकाळी भाचीचा फोन. “मावशी, काही बोलू नकोस. नुसतं ऐक.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, मग शांतता, मग टक्, आणि मग लाकडावरून लाकूड लांबवर सरकत गेल्याचा तो कोरडा आवाज.

“सांगू?”

“नको.”

“तुझी अजून बंदच?”

“बंदच.”

“तेहतीस दिवस झाले, मावशी.”

“माहितेय.”

फोन ठेवून मी दिवा न लावता तशीच बसले आणि पेटी कानाशी धरून अगदी सावकाश तिरकी केली. आत काहीतरी सरकलं, नेहमीसारखं. आणखी थोडी तिरकी केली. पहिल्या आवाजानंतर, बऱ्याच अंतराने, दुसरा एक आवाज आला. हलका, वेगळ्या कोपऱ्यातून.

आत दोन खुंट्या होत्या. इतके दिवस मी एकच धरून चालले होते.